उरलेला भात हा शेळीचा चारा नव्हे

संपादक महोदय,

टाकाऊ मालापासून शेळ्यांचा चारा करण्याबद्दलचा कालच्या अंकातला लेख वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. तूर-हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचा पाला शेळी आवडीने खाते, आणि आमच्या शहापूर-मुरबाडकडे भाताच्या पेंढ्याला तोटा नाही. पण लग्नातला आणि हॉटेलातला उरलेला भातही चालतो, हे कुणाला विचारून लिहिलंत?

मागच्या लगीनसराईत एका केटररचा टेम्पो माझ्या जाऊबाईंच्या गोठ्यापाशी पिंपभर भात आणि पुऱ्या ओतून गेला. "मावशी, बकऱ्यांना घाला," म्हणाला. शेळ्या तुटून पडल्या. पहाटे तीन शेळ्या दात खात उभ्या. डावी कूस दाबली की आत पाणी डुचमळत होतं, लेंड्यांऐवजी आंबूस वासाचं पातळ पडत होतं. शिजलेला भात एकदम पोटभर गेला की कोटीपोटात, म्हणजे शेळीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, भराभर आंबतो, आम्ल वाढतं आणि जनावर बसतं ते उठत नाही. खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, त्यावर एक वाचली. दोन गेल्या, त्यातली एक गाभण होती. जाऊबाईंच्या मुलाची फी त्याच शेळ्यांवर भरायची होती. तो टेम्पोवाला पुन्हा तिकडे फिरकला नाही.

युरियाचंही तसंच. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करावी, एवढं लिहून तुमचे लेखक मोकळे झाले. प्रमाण कुठे आहे? 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, तो साधारण 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, पेंढ्याच्या थराथरावर शिंपडायचा, मग पेंढा दाबून 21 दिवस हवाबंद झाकायचा. काढल्यावर पसरून ठेवायचा, उग्र वास गेला की मगच घालायचा, तोही थोडा थोडा सवय लावत. सहा महिन्यांच्या आतल्या करडांना अजिबात नाही. उरलेलं युरियाचं पाणी बादलीत राहिलं आणि शेळीने त्यात तोंड घातलं, तर डॉक्टर येईपर्यंत ती राहत नाही. मुठीच्या अंदाजाने कुणी युरिया टाकला, तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

वाशीच्या बाजारातल्या फ्लॉवरच्या पाल्याबद्दल लिहिलंत ते पटलं. चांगलं खाद्य आहे. पण ओला पाला टेम्पोत दाबून भरला की शहापूरला येईपर्यंत तापून काळा पडतो. त्यात कोथिंबिरीच्या जुड्यांचे रबर, सुतळी, पिशव्यांचे तुकडे. आम्ही बायका तासन् तास ते वेचत बसतो, कारण पोटात प्लास्टिकचा गोळा झालेली शेळी खात असूनही वाळत जाते. व्यापाऱ्यांनी पाला टाकताना एवढं वेगळं ठेवलं, तर कितीतरी दावणींची सोय होईल. यावर लिहा ना!

आणि लेखासोबतचा फोटो मेंढ्यांचा आहे. शेपट्या बघा. शेळीची शेपटी वर उभी असते, या सगळ्या खाली लोंबताहेत.

आमच्या पाड्यावर तुमचा पेपर एकजण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. तेव्हा भाताचा सल्ला मागे घेतल्याचं त्याच पानावर, ठळक अक्षरांत, युरियाच्या प्रमाणासकट छापावं. पुढच्या लगीनसराईच्या आत छापावं, ही विनंती.

आपली,
एक शेळीपालक, शहापूर (जि. ठाणे)