बँडचा पत्ता बँडच्याच नावावर हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठीत स्वतःची गाणी लिहून वाजवणाऱ्या बँडांविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून लेख येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. लेखाखाली वाचकासाठी पत्ता असतो तो मात्र बहुधा इन्स्टाग्रामचा. हा दोष वृत्तपत्रांचा नाही. बहुतेक बँडांकडे द्यायला दुसरा पत्ताच नसतो, आणि असला तर तो धड उघडत नाही. बँडांच्या वेबसाइट बांधणारे म्हणून त्याविषयी थोडे तपशिलात लिहीत आहोत.

उसन्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या जागेवर ठेवलेल्या गाण्यांचे काय होते ते पुरेसे दिसून आले आहे. सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळातले संगीत गमावल्याचे मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये मान्य केले. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तर रेसो आणि विंक ही गाण्यांची अ‍ॅप २०२४ मध्ये बंद झाली. गाणी अशा ठिकाणी ठेवूच नयेत असे आमचे म्हणणे नाही, कारण ऐकणारे तिथेच आहेत. पण तिथून वाट यावी ती बँडच्या स्वतःच्या पत्त्यावर.

हा पत्ता, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहावे. ओळखीच्या मुलाने स्वतःच्या ईमेलवरून तो घेतलेला असतो. पुढे मुलगा नोकरीसाठी दूर जातो, आणि मुदत संपत आल्याची सूचना कोणी न उघडणाऱ्या इनबॉक्समध्ये पडून राहते. डॉट कॉम पत्त्याला मुदत संपल्यावर डोमेन विकणाऱ्या कंपनीनुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवड मिळते. त्यानंतरच्या ३० दिवसांत तो जबर दंड भरून सोडवता येतो, आणि आणखी ५ दिवसांनी कोणालाही घेता येतो. म्हणून बँडचा एक सामाईक ईमेल असावा, त्याचा पासवर्ड दोघांकडे असावा आणि डोमेन एकदम तीन वर्षांसाठी घ्यावे. देवनागरीतला डॉट भारत पत्ता २०१४ पासून मिळतो. तो जरूर घ्यावा, पण रोमन पत्त्याकडे वळवून ठेवावा, कारण अनेक अ‍ॅप त्याला अजून दुवा म्हणून ओळखत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक होते ती मजकुरात. बँडची ओळख, कार्यक्रमाची तारीख, गाण्याचे शब्द, सारे पोस्टरच्या चित्रात असते. फोनवर एखादा शब्द बोटाने दाबून धरावा; तो निवडला गेला नाही तर ते चित्र आहे, आणि त्यातले शब्द शोधून सापडतील याचा भरवसा नाही. कार्यक्रमात कानावर पडलेली ध्रुवपदाची एकच ओळ माणसाला आठवत असते. तीच तो टाइप करतो, कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये. म्हणून प्रत्येक गाण्याला स्वतंत्र पान द्यावे, शब्द युनिकोड देवनागरीत लिहावेत आणि खाली रोमनमध्येही द्यावेत. गीतकार, संगीतकार, वादक आणि ध्वनिमुद्रण करणारा यांची नावे तिथेच हवीत. कविता दुसऱ्याची असेल तर परवानगी आधी घ्यावी. आपल्याकडे कवीच्या निधनानंतरही ६० वर्षे हक्क टिकतो.

देवनागरीचे काही दुखणे असे की रोमनसाठी आखलेले वेबसाइटचे तयार साचे तिला मानवत नाहीत. अशा साच्यांत शीर्षकाच्या अक्षरांमधले अंतर वाढवलेले असते. तसे केले की शिरोरेषा तुटते आणि ‘मराठी’ हा शब्द ‘म रा ठी’ असा विखुरतो. हे अंतर शून्यावर आणावे. ओळींची उंची अक्षराच्या आकाराच्या १.२ पट असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, ती १.६ पट तरी ठेवावी. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवावी, नाहीतर काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. मुक्ता किंवा बलू हे फॉन्ट मोफत आहेत आणि मराठी मजकुराला शोभतात. निवडलेल्या फॉन्टात ‘ऱ्या’ लिहून पाहावे, तिथेच बरेच फॉन्ट उघडे पडतात.

पान उघडताच आपोआप गाणे सुरू करण्याचा हट्ट सोडावा. क्रोमने आवाजासह आपोआप वाजणे २०१८ पासूनच अडवले आहे. पहिल्या पानावर एकच गाणे, वाजवण्याचे ठसठशीत बटण, आणि बटण दाबेपर्यंत फाइल उतरू नये अशी सोय, एवढे पुरे. चार मिनिटांचे गाणे १२८ केबीपीएस एमपी३ मध्ये साधारण ४ एमबीचे होते. तेच सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये ४० एमबीच्या वर जाते, आणि स्टुडिओतून आलेली ती फाइल जशीच्या तशी चढवलेली आम्ही वारंवार पाहतो. यूट्यूबच्या पाच खिडक्या एका पानावर लावल्या तरी पान असेच जड होते, कारण प्रत्येक खिडकी व्हिडिओ लावण्याआधीच शेकडो केबी ओढते. तिथे साधे चित्र ठेवावे आणि त्यावर बोट टेकल्यावरच प्लेअर आणावा. फोटो १६०० पिक्सेल रुंद, वेबपी (वेबसाठीचे हलके चित्र) स्वरूपात, २०० केबीच्या आत.

‘पुढील कार्यक्रम’ या मथळ्याखाली दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसली की पाहणाऱ्याला वाटते बँड मोडला. अद्ययावत ठेवायला माणूस नसेल तर तो मथळाच ठेवू नये. तारीख वर्षासह लिहावी, नाट्यगृहाचे नाव आणि शहर लिहावे, तिकिटाचा दुवा द्यावा. होऊन गेलेले कार्यक्रम पुसू नयेत, खाली वेगळ्या यादीत हलवावेत. आयोजक तीच यादी आधी वाचतो.

आयोजकासाठीचे पान तर बहुतेकांकडे नसतेच, आणि कामे मिळतात ती त्यावरूनच. उत्तर अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, दर दोन वर्षांनी भरणाऱ्या अधिवेशनाचा अमेरिकेतला कार्यकर्ता आपल्या मध्यरात्री फोन करून ‘किती माइक लागतील’ असे विचारणार नाही. त्याला ए४ आकाराच्या एका पानाची पीडीएफ हवी असते. रंगमंचावर कोण कुठे उभे राहणार याचा आराखडा, आणि चॅनेलची, म्हणजे कोणत्या वाद्याला मिक्सरच्या किती जोडण्या लागतील त्याची, यादी: ड्रमला चार (किक, स्नेअर, दोन ओव्हरहेड), बासला एक डीआय (वाद्याचा आवाज माइकशिवाय थेट मिक्सरकडे नेणारी पेटी), गिटारला एक, कीबोर्डला दोन, ढोलकीला दोन (एक शाईकडे, एक धुमाकडे), गळ्याला तीन. झाले तेरा, म्हणजे सोळा चॅनेलचा मिक्सर हवा. मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, किती आणि ध्वनिचाचणीला वेळ किती, तेही तिथेच लिहावे. फाइलच्या नावात महिना आणि वर्ष घालावे, नाहीतर ढोलकीवाला बँडमध्ये येण्याआधीची यादी फिरत राहते.

संपर्कासाठी नुसता फॉर्म ठेवू नये. अनेक फॉर्म भरणाऱ्याचाच जीमेल पत्ता ‘प्रेषक’ म्हणून लावतात. पत्र निघते बँडच्या सर्व्हरवरून, नाव जीमेलचे. मग ते बनावट समजून स्पॅममध्ये टाकले जाते आणि कार्यक्रमाचे आमंत्रण कोणी पाहतच नाही. प्रेषक बँडच्या डोमेनवरचा असावा, भरणाऱ्याचा पत्ता ‘उत्तर द्या’च्या रकान्यात जावा, आणि फॉर्मशेजारी ईमेल साध्या अक्षरांत लिहिलेला असावा. टी-शर्ट विकायचे असतील तर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपन्या, आधी परतावा, गोपनीयता आणि संपर्क अशी पाने मागतात. ती लिहूनच अर्ज करावा.

शेवटी वृत्तपत्रांकडे एक मागणे आहे. बँडवर लेख घेताना त्यांची वेबसाइट विचारावी आणि असेल तर तीच छापावी. फोटो वॉट्सअ‍ॅपवरून मागवू नये, तिथे तो दाबून लहान केला जातो आणि त्याचा दर्जा उतरतो. १५ सेंटीमीटर रुंद फोटो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला सुमारे १८०० पिक्सेल लागतात. बँडने माध्यमांसाठीच्या पानावर ३००० पिक्सेलचे चार फोटो, दोन आडवे आणि दोन उभे, छायाचित्रकाराच्या नावासह ठेवावेत. आपण ते तिथून उचलावेत, आणि ते नाव फोटोखाली छापावे.

आपले,
बँडांच्या वेबसाइट बांधणारे काही जण, पुणे