जुने घाटरस्ते सायकलींसाठी सांभाळा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की मुंबई-ठाण्यातील सायकलस्वारांना सह्याद्रीचे वेध लागतात. कॅरिअरला दोन पिशव्या बांधून चार-पाच दिवस घाटांतून आणि नद्यांच्या खोऱ्यांतून फिरणाऱ्यांत आता केवळ विशीतली मुले नसतात. निवृत्त शिक्षक असतात, बँकेतले कर्मचारी असतात, नवरा-बायको मिळून निघालेली जोडपीही असतात. त्यांच्यासाठी शासनाने नवे मार्ग बांधावेत, असे माझे म्हणणे नाही. नवे महामार्ग आणि बोगदे झाल्यामुळे ज्या जुन्या घाटरस्त्यांवरची वर्दळ कमी होत चालली आहे, त्यांची देखभाल थांबू नये आणि ती करताना सायकलीचाही विचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मुंबईतून बाहेर पडण्याच्या बहुतेक नव्या वाटा सायकलीला बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर तिला पहिल्यापासूनच प्रवेश नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, सागरी किनारा मार्ग, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू आणि इगतपुरीजवळ डोंगराच्या पोटातून जाणारा समृद्धी महामार्ग यांवर जिथे मोटारसायकलींनाही मज्जाव आहे, तिथे सायकलीची काय कथा! या बंदीविषयी माझी तक्रार नाही. ताशी शंभरच्या वेगाने धावणाऱ्या मोटारींमध्ये सायकल घालणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. मात्र वेगवान वाहनांना स्वतंत्र रस्ता मिळाल्यानंतर मागे उरलेला रस्ता तरी संथ वाहनांना सुखाने वापरता यावा, ही अपेक्षा त्या बंदीच्याच पोटातून निघते.

सह्याद्रीचे जुने घाट सायकलीला मानवतात, त्याला कारण आहे. कोकणाच्या बाजूने हा डोंगर भिंतीसारखा उभा आहे आणि देशाकडे तो हळूहळू उतरत जातो, त्यामुळे मुंबईहून निघणाऱ्याच्या वाट्याला अवघड चढ आधी येतो. हे बरेच म्हणायचे, कारण पहाटे पाय ताजे असताना तो उरकतो. गाडीवाटा आखल्या गेल्या तेव्हा त्या बैलांना आणि घोड्यांना गाड्या ओढत चढता येईल अशा आखाव्या लागल्या; म्हणून चढ वळणावळणाने विभागला गेला. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये सुरू झाला, लोहमार्ग १८६३ मध्ये. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारी चढण आजही सायकलस्वाराला सर्वांत हलक्या गिअरवर आणते, हे खरे. पण दम खात, पाणी पीत, शिंग्रोबाला हात जोडून सामान्य प्रकृतीचा माणूस ती चढून सुमारे ६२० मीटर उंचीवरच्या लोणावळ्याला पोचतो.

या भटकंतीत काय पाहायला मिळते, याचे एकच उदाहरण देतो. कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून गेल्यावर पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी दिसू लागते. जुन्नरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी नाणेघाटाच्या रस्त्याने चावंड किल्ल्याकडे जावे. जवळच पूर या गावी कुकडेश्वराचे प्राचीन देऊळ आहे आणि तिथे कुकडी नदी उगम पावते. तिथून या नदीची पाठ सोडू नये. माणिकडोह धरण, मग जुन्नर, नारायणगावजवळचे येडगाव धरण, वाटेत खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या पांढऱ्या तबकड्या, असे करत आपण शिरूर आणि पारनेर तालुक्यांच्या सीमेवर निघोजला येतो. एरवी पात्रात पसरून वाहणाऱ्या कुकडीने इथे काळ्या बेसॉल्टमध्ये खोल, अरुंद घळई कोरली आहे. पुराबरोबर आलेले दगडगोटे खडकाच्या खळग्यांत अडकून गरगर फिरतात आणि घासून घासून खळग्यांचे रांजण करतात. शेजारशेजारच्या रांजणांमधल्या भिंती झिजून फुटल्या, की नदीला आणखी खोल वाट मिळते. मळगंगेच्या देवळापाशी उभे राहिले की हे सारे टप्पे एकाच नजरेत दिसतात: नुकता धरलेला खळगा, पुरुषभर खोल रांजण आणि दोन रांजण एक होऊन झालेली फट. मोटारीने येणारा पर्यटक ही घळई पाहतो आणि परत जातो. उगमापासून नदीच्या सोबतीने आलेल्याला मात्र डोंगरातला तो ओढा इथे खडक कापू लागला आहे, हे कोणी सांगावे लागत नाही. (जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर असल्यामुळे दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठावा, हे गावकऱ्यांचे सांगणे मात्र गांभीर्याने घ्यावे.)

सावित्रीचे खोरे याहून वेगळे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर. चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून १,३५० मीटरपर्यंत, आणि मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी थोडा विसावा. ताम्हिणी घाटावर सुट्टीच्या दिवशी मोटारींची इतकी गर्दी असते, की सायकलस्वाराने तिकडे आठवड्याच्या मधल्या वारीच जावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीचा बोगदा सुरू झाल्यावर पोलादपूर आणि खेडदरम्यानच्या जुन्या घाटातली वाहतूक बरीच घटली. असा रस्ता सायकलीसाठी जणू आयताच मिळाला आहे. परंतु महामार्गाचा मान गेला, की रस्त्याकडे लक्ष देणारे कोणी उरत नाही, असा आपल्याकडचा अनुभव आहे. झाडोरा डांबरावर येतो, दरडीचा मुरूम पडून राहतो, पावसाने खचलेला कठडा पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच राहतो. मोटारीला यातले थोडेफार चालून जाते; दोन बोटे रुंदीच्या टायरवर उतार उतरणाऱ्याला वळणावर पसरलेली मूठभर खडीही आडवे करते.

जिथे रस्ता नव्याने होतो आहे, तिथली तऱ्हा आणखी निराळी. काँक्रीटचा थर चढवला की रस्त्याची पातळी वाढते, पण साइडपट्टीत मुरूम भरायचे राहून जाते आणि काँक्रीटच्या कडेला वीतभर उंचीची पायरी तयार होते. मागून ट्रकने हॉर्न दिला की सायकलस्वाराने ट्रकपुढे तसेच जात राहायचे किंवा ही पायरी उतरायची. उतरणे कसेबसे जमते. वर येताना मात्र चाक कडेला जवळजवळ समांतर असल्यामुळे चढत नाही, कड घासत घसरते आणि स्वार रस्त्याच्या बाजूला, म्हणजे वाहनांसमोर पडतो. साइडपट्टी काँक्रीटच्या पातळीला आणून नीट दाबून घेतली, तर हा धोका संपतो. यासाठी वेगळी योजना लागत नाही. कामाचे शेवटचे देयक मंजूर होण्यापूर्वी साइडपट्टी तपासली जावी, एवढे पुरे आहे.

उताराच्या तोंडाशी वेग रोखण्यासाठी घातलेल्या रंबलर पट्ट्यांचेही तसेच. त्या रस्त्याच्या कडेपर्यंत न नेता डाव्या बाजूला दीड फूट जागा सोडली, तर मोटारींचा वेग कमी व्हायचा तो होतोच आणि सायकलस्वाराचे हँडल हातातून सुटत नाही. लांबलचक घाटात दोन-तीन ठिकाणी रस्त्याबाहेर थांबण्यापुरती सपाट जागा हवी, कारण रिमवर दाबणारे ब्रेक सतत धरून ठेवले की रिम तापते आणि त्या उष्णतेने ट्यूब फुटू शकते. रिम निवायला दहा मिनिटे थांबणे भाग असते. आज बहुतेक घाटांत अशा जागा भजी आणि मक्याच्या गाड्यांनी व्यापल्या आहेत. त्या गाड्या हटवाव्यात असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण त्या घाटात त्यांच्याइतका उपकारकर्ता दुसरा नाही. जागा थोडी वाढवावी.

मुंबईकराने सायकल घाटापर्यंत न्यायची कशी, हा प्रश्न उरतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीमुळे अलिबाग-रोह्याकडून कुंडलिकेच्या खोऱ्यात शिरणे सोपे झाले आहे. कसारा आणि कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या मालडब्यात रविवारी पहाटे भरपूर जागा असते. त्यातून सायकल कोणत्या वेळी, किती भाड्यात आणि कोणत्या अटींवर नेता येते, हे प्रत्येक स्थानकावर मराठीत स्पष्ट लिहून लावले, तर तिकीट खिडकीवरची हुज्जत वाचेल.

शेवटी एक तातडीची विनंती. दरडींच्या भीतीने महाड-भोर मार्गावरच्या वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात बंद ठेवावे लागतात, ते योग्यच आहे. पण बंदी उठल्याची सूचना अनेकदा घाटाच्या तोंडाशी लावलेल्या फलकापलीकडे जात नाही. सायकलस्वाराला महाडहून तिथवर जाऊन परत फिरण्यात अख्खा दिवस घालवावा लागतो. सार्वजनिक बांधकाम विभागाने घाटनिहाय स्थिती ऑक्टोबरपासून दर आठवड्याला प्रसिद्ध करावी आणि आपल्या दैनिकाने तिला हवामानाच्या चौकटीशेजारी दोन ओळींची जागा द्यावी, अशी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक सायकलस्वार वाचक
मुलुंड, मुंबई