पदकानंतरची ४६ वर्षे

रविवारच्या पुरवणीतील संघर्षपटांवरचा लेख वाचला. असे चित्रपट जिद्द शिकवतात, हे मान्य. पण जिद्दीच्या कौतुकात व्यवस्थेचे अपयश सहज झाकले जाते. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ साली! त्यांच्यावरील ‘चंदू चॅम्पियन’ने ही उपेक्षा दाखवली खरी, पण बाहेर पडताना प्रेक्षकांत चर्चा होती ती नायकाने कमावलेल्या शरीराची.

हा चित्रपट मी ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये मेहुण्यांसोबत पाहिला. ते व्हीलचेअर वापरतात. त्यांची खुर्ची पहिल्या रांगेच्याही पुढे, पडद्याला जवळजवळ खेटून लावली. पडद्यावर शर्यत रंगात आली, टाळ्या पडू लागल्या आणि मेहुणे मान अवघडली म्हणून डोळे मिटून नुसते ऐकत होते. मध्यंतरात तिथल्या कर्मचाऱ्याला खुर्ची पुढेच का, असे विचारले, तर उत्तर आले, ‘बाकी सगळीकडे पायऱ्याच आहेत, काका.’ दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा होऊन (२०१६) बरीच वर्षे झाली. लेखकाने पुढच्या लेखात या पायऱ्यांबद्दलही लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे