ताम्हिणीत भेटलेल्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. नारायण पेठेत राहता, गुडघा बोलायला लागला म्हणून गड चढणं सोडलंत आणि आता घाटरस्त्याच्या कडेनंच फोटो काढता, एवढं बोलता बोलता कळलं. फोन नंबर मागायचं तुम्हाला सुचलं नाही आणि मलाही नाही. म्हणून हे चारचौघांत पत्र. पुण्यात कॅमेरा घेऊन हिंडणारी माणसं शेवटी एकमेकांच्या ओळखीतलीच निघतात. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

आभार कशाचे, हे तुमच्या ध्यानातही नसेल. तुम्ही मला शिकवलंत, त्याचे तर आहेतच. पण त्याहून जास्त, तुम्ही मधेच चहा प्यायला निघून गेलात, त्याचे आहेत.

हे नीट सांगायचं तर आधीच्या मंडळींबद्दल बोलणं भाग आहे. बोलतेच. पोटात ठेवून बरेच दिवस झाले.

माझ्याकडे सोनीचा ए6000 आहे, 2014 साली बाजारात आलेलं मॉडेल, मी घेतला तो वापरलेला. पावसाळ्यात धबधब्याचं पाणी दुधासारखं दिसतं ते फोटो मला काढायचे होते. त्यासाठी शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं आणि भर दिवसा तसं केलं तर फोटो पांढराफटक होतो. म्हणून लेन्सपुढे काळी काच लावायची, एनडी फिल्टर. इतकं वाचून मी शहरातल्या एका दुकानात गेले. सोबत धाकटा भाऊ होता. काउंटरमागच्या गृहस्थांनी माझा प्रश्न ऐकला आणि उत्तर त्याला दिलं. त्याची फोटोग्राफी मिसळीच्या ताटापलीकडे कधी गेलेली नाही, पण ‘सरांचं बजेट किती?’ असं त्यालाच विचारलं गेलं. मग काउंटरवर होल्डर आला, एनडी आले, अर्धी काळी अर्धी पारदर्शक अशी ग्रॅज्युएटेड काच आली, पुसायचं कापड, ठेवायची पिशवी. सगळ्याची मिळून किंमत माझ्या कॅमेऱ्याच्या वर. एकच फिल्टर घेऊन सुरुवात केली तर चालेल का, असं मी विचारलं. ‘मॅडम, हौस करायची तर पूर्ण करा, नाहीतर मोबाइल आहेच की.’ हे वाक्य मात्र माझ्याकडे बघून.

त्यानंतर एका रविवारची कार्यशाळा. पैसे भरून. तिथल्या सरांची शिकवायची रीत अशी, की ते येत, तुमच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेत, खटाखट बटणं फिरवत, फोटो काढत आणि परत देत. ‘हं, हा असा यायला हवा.’ तो फोटो अजून माझ्या कार्डावर आहे. सुंदर आहे. माझा नाही. काही कॅमेऱ्यांत फिल्टरचं काम करणारी ॲप असतात म्हणे, असं मी भीत भीत विचारलं, तर सर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘ॲपनंच फोटो काढायचे तर कॅमेरा कशाला घेतलात? ते चीटिंग झालं.’ सगळे हसले. अशा वेळी आपणही हसतो. मीही हसले.

आणि मग जुलैतला तो कामाचा वार. शनिवार-रविवारी ताम्हिणीत माणसांचाच धबधबा असतो, म्हणून रजा टाकून आले होते. मुळशीचं पाणी मागे पडलं तशी झिमझिम सुरू झाली. तुम्ही वळणावर ट्रायपॉडला काळी छत्री बांधून उभे होता. माझी खटपट तुम्ही थोडा वेळ लांबून पाहिली असणार. जवळ आलात ते थेट म्हणालात, ‘ए6000 ना? मेनूत ॲप्लिकेशनचं पान उघडून पाहिलंय कधी?’

कॅमेरा माझ्याच हातात राहिला. तुम्ही बोट दाखवलंत, बटण मी दाबलं. यादीत ‘स्मूथ रिफ्लेक्शन’ होतं. आधीच्या मालकानं कधीतरी घालून ठेवलेलं. इतके महिने ते माझ्याच पिशवीत होतं आणि ज्यांनी ज्यांनी माझा कॅमेरा हातात घेतला, त्यातल्या एकानंही पाहिलं नव्हतं.

तुम्ही सांगितलंत तेही थोडक्यात. एकच लांब एक्स्पोजर घेण्याऐवजी कॅमेरा एकामागून एक पुष्कळ छोटे फोटो घेतो आणि त्यांची सरासरी काढतो. कातळ हलत नाही, त्यामुळे तो प्रत्येक फोटोत तसाच. पाणी दरवेळी वेगळं, म्हणून सरासरीत ते विरघळतं. बस. पुढे कार्यशाळेतल्यासारखं व्याख्यान येणार म्हणून मी तयारीत होते. तर तुम्ही स्वतःच्या पिशवीतून तुमचा एनडी काढलात, सहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). माझ्या लेन्सच्या मानानं तो मोठा, तेव्हा पिशवीच्या तळातून एक स्टेप-अप रिंग शोधलीत, अंगठ्यानं तिच्यावरचं पाणी पुसलंत, आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, ‘ह्यानं काढा, त्यानं काढा. तुम्हीच बघा. मी चहा घेऊन येतो.’

आणि खरंच गेलात. वरच्या टपरीवर, माझ्याकडे पाठ करून बसलात.

काका, कॅमेरा घेऊन रस्त्याकडेला उभ्या असलेल्या बाईच्या मागे कायम कुणीतरी असतं. सल्ला देणारं, स्क्रीनमध्ये डोकावणारं, ‘हे असं धरा’ म्हणणारं. काही शिकायचं तर आधी चुकावं लागतं आणि लोकांसमोर चुकायचं म्हणजे निम्मा जीव लाज राखण्यातच जातो. त्या अर्ध्या तासात माझ्या खांद्यामागे कुणी नव्हतं. रिंगचा आटा तिरका बसला, मी तो सोडवला. फिल्टर आतून धुरकटला, मी पदराशिवाय जे काही हाताशी होतं त्यानं पुसला. दोन-चार शब्द तोंडातून असे गेले की आईनं कान उपटला असता. कुणी ऐकलं नाही. आणि एका अनोळखी बाईच्या हाती हजारो रुपयांची काच ठेवून, ती पावसात, निसरड्या दगडावर, तुम्ही एकदाही मागे वळून बघितलं नाहीत. मी बघत होते ना तुमच्याकडे, म्हणून सांगते.

आता मी काय पाहिलं, ते. तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं.

सहा स्टॉप म्हणजे उजेड चौसष्टपट कमी. झाडीतल्या अंधुक उजेडात शटर 1/15 सेकंदावर होतं, ते फिल्टर लावल्यावर चार सेकंदांवर गेलं. पाणी सलग, रेशमी, एका दमात ओढल्यासारखं आलं. पण पुसायला आणखी एक काच वाढली, आणि तिच्या आतल्या बाजूला दमट हवा अडकून बसली ती बसलीच. ॲपनं काढलेला पहिला फोटो जरा विचित्र होता, पाण्याचे पदर एकावर एक ठेवल्यासारखे दिसत होते. फोटोंची संख्या वाढवली तसे ते मिसळत गेले. आणि घरी मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर सावलीतल्या कातळात ॲपचा फोटो जास्त स्वच्छ. याचं कारण नंतर वाचलं: नॉइज, म्हणजे अंधारात फोटोवर दिसणारे दाणे, प्रत्येक फोटोत वेगवेगळ्या ठिकाणी पडतो, तो सरासरीत बुजतो. सोळा फोटो एकत्र केले तर साधारण चौथा हिस्सा उरतो. स्वस्तातल्या काळ्या काचा रंगात जी पिवळी-तांबडी झाक आणतात, तीही इथे नाही, कारण काचच नाही.

दोष आहेत. चांदणी चौकातल्या पुलावरून रात्रीच्या गाड्यांचे दिवे ॲपनं टिपायला गेले, तर सलग रेघेऐवजी तुटक तुटक रेघा आल्या. दोन फोटोंच्या मधे कॅमेरा क्षणभर डोळा मिटतो, त्या खाचा. तिथे काचच हवी. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मीच शोधलं, आणि त्याचा जो आनंद झाला तो धबधब्याच्या फोटोहूनही मोठा होता.

तुम्ही परत आलात, हातात माझ्यासाठीही कागदी कपातला चहा. ‘कुठला चांगला आला?’ असं विचारलं नाहीत. समोरच्या ओल्या कातळावरची पांढरी चकाकी दाखवलीत आणि म्हणालात, ‘एवढं मात्र ॲपला जमायचं नाही.’ मग पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, माझ्या डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवलात. चकाकी गेली. खालचा काळा दगड दिसला, पानांवरचा पांढुरका थर उतरून हिरवा रंग वर आला. सेन्सरला किती उजेड आला तेवढंच कळतं, त्या प्रकाशाचं कंपन कुठल्या दिशेचं होतं ते कळत नाही. म्हणून चकाकी कापायची तर उजेड सेन्सरवर पडण्याआधीच कापावी लागते. हे मी पुढे वाचून समजून घेतलं. तिथे फक्त ‘अरे वा!’ एवढंच म्हणता आलं.

तुमच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात तर काचेशिवाय पाणी विरघळवायची सोय मुळातच होती. लाइव्ह एनडी. ऑलिम्पसनं 2019 च्या ई-एम1एक्समध्ये आणली तेव्हा पाच स्टॉपपर्यंत, पुढे ओएम सिस्टिम या नावानं आलेल्या 2022 च्या ओएम-1 मध्ये सहा, आणि 2024 च्या ओएम-1 मार्क टूमध्ये सात. शिवाय त्यात लाइव्ह जीएनडी, म्हणजे ती अर्धी काळी काचसुद्धा कॅमेऱ्याच्या आतच. उलट सोनीनं 2012 च्या सुमारास एनईएक्स कॅमेऱ्यांबरोबर ॲप आणली आणि 2017 चे ए9, ए7आर थ्री आले तेव्हा त्यांतून ती वगळली. माझा जुना कॅमेरा जे करतो ते त्याच्या नव्या, महागड्या भावंडांना येत नाही, या गोष्टीचं मला अजून हसू येतं. पिशवीत एनडी तरीही का बाळगता, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, ‘सवय हो. दुसरं काय?’

त्या ‘चीटिंग’चं काय, तेही मी घरी येऊन धुंडाळलं, कारण तो शब्द मनात सलत होता. 1850 च्या दशकात ग्युस्ताव ल ग्रे नावाचे एक फ्रेंच फोटोग्राफर समुद्राचे फोटो काढत. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्ह निळ्या रंगाला फार हळव्या. समुद्र नीट आला की आकाश पांढरं व्हायचं, आकाश धरलं की समुद्र काळा. ल ग्रे यांनी आकाशाची निगेटिव्ह वेगळी घेतली, समुद्राची वेगळी, आणि दोन्ही मिळून एक प्रिंट केली. माझ्या कॅमेऱ्यासाठी सोनीनं काढलेलं ‘स्काय एचडीआर’ दुसरं काय करतं? आकाशासाठी एक एक्स्पोजर, जमिनीसाठी एक, आणि मधे सांधा. सर, हे लबाडीचं काम असेल तर ते जवळजवळ फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. (हे वाक्य काकांसाठी नाही. ज्यांच्यासाठी आहे त्यांना कळेल.)

मला वाटतं, मदत करणारी माणसं पुष्कळ असतात. मदत करून बाजूला होणारी कमी. तुमच्यानंतर मी अशांकडे लक्ष द्यायला लागले. पीएमपीत एक कंडक्टर, गावाकडून आलेल्या आजीबाईंना स्टॉप सांगून मग मुद्दाम पुढच्या दारात जाऊन उभे राहिले, आजींना आपण ओझं झालोय असं वाटू नये म्हणून. आमच्या बँकेतल्या शिपाईमामांनी नव्या मुलीला पासबुकाचा प्रिंटर दाखवला आणि ‘मी जरा पाणी भरून येतो’ म्हणाले. पाणी भरलेलंच होतं. ही माणसं कार्यशाळा घेत नाहीत, त्यांच्या नावाची पाटी कुठे लागत नाही, आणि पुण्यात पाट्यांना तर तोटा नाही.

त्या दिवसाचे दोन फोटो मी मोठे छापून घेतले आहेत. एक तुमच्या काचेनं काढलेला, एक ॲपनं. घरी येणाऱ्यांना मी विचारते, कुठला कशानं काढला सांगा. बहुतेक जण चुकतात. भाऊ मात्र दरवेळी बरोबर सांगतो, त्याला मी आधीच सांगून ठेवलंय.

पुढच्या पावसाळ्यात त्याच वळणाला येणार आहे, कामाच्याच वारी. भेटलात तर चहा माझ्याकडून. गुडघ्याला जपा. आणि हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणाऱ्यालाही माझा नमस्कार सांगा.

तुमची,
निळ्या रेनकोटवाली

ता. क. पोलरायझर घेतला. एकच. अर्थातच दुसऱ्या दुकानातून.