भाऊ, तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "हो हो, आधी चहा घे" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे जाहीर पत्र. दर गुरुवारी संध्याकाळी जळगावात क्लासच्या वरच्या खोलीत जमणाऱ्या सगळ्यांच्या वतीनं लिहावं असा विचार होता, पण ते फार सत्काराच्या भाषणासारखं व्हायला लागलं. माझ्यापुरतंच लिहिते.

खानदेशातल्या पोरांनी प्रोग्रामिंग शिकायचं आणि पुण्याची गाडी धरायची, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय. जे इथे राहतात ते कुणाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, कुणाच्या शाळेची वेबसाइट असं काहीबाही करत राहतात. काम मिळतं, पैसेही बरे मिळतात. अडलं की विचारायचं कुणाला, एवढाच प्रश्न असतो. आमच्या ऑफिसात प्रोग्रामर मी एकटी. साहेबांना पावती छापून हातात आली की त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. तुम्ही मात्र उलटी गाडी धरलीत. पुण्याची नोकरी घरी बसून करायला लागलात आणि संध्याकाळी ही बैठक सुरू केलीत.

तिथला तुमचा एकच नियम: ज्याचा लॅपटॉप, त्याचेच हात. मला आधी हा नियम म्हणजे उगाच मास्तरकी वाटली होती. यावलचा मुलगा केळीच्या पावत्यांचा प्रोग्राम घेऊन आला त्या संध्याकाळी तो पटला.

त्याच्याकडे शेतकऱ्याचं नाव 'पांडुरंग' भरलं की सेव्ह झाल्यावर पडद्यावर 'पांडुर' दिसायचं आणि पुढे काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह. कुणी म्हणालं फॉन्ट बदल, कुणी म्हणालं विंडोज नव्यानं टाक. तुम्ही हाताची घडी घालून त्याच्या मागे उभे. तुमचं अमळनेरकडचं अहिराणी अशा वेळी हमखास बाहेर येतं: "रकाना कितला शे?" म्हणजे नावासाठी जागा केवढी ठेवलीय? तो म्हणाला, वीस. "वीस काय?" यावर खोली गप्प. अक्षरं वीस की बाइट (म्हणजे संगणकाचं साठवणीचं माप) वीस, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

मग त्यालाच फळ्यावर नाव फोडून लिहायला लावलंत. प, काना, अनुस्वार, ड, उकार, र, अनुस्वार, ग. झाली आठ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे एकूण २४. रकाना २० बाइटचा. सहा चिन्हं १८ बाइटांत बसली, सातव्याचे दोनच बाइट आत गेले आणि तिसरा बाहेर राहिला. तो अर्धवट तुकडा म्हणजेच ते प्रश्नचिन्ह. टेस्टिंगला त्यानं सगळी नावं इंग्रजीतून टाकली होती, आणि रोमन अक्षराला एकच बाइट लागतो, त्यामुळे नऊ अक्षरांचा पांडुरंग आरामात बसत होता.

एवढं झाल्यावर कुणीही म्हणालं असतं, "सरक, मी करून देतो." मला तर राहवत नव्हतं. तुम्ही जागचे हलला नाहीत. त्यानं स्वतः रकाना मोठा केला, आणि मग कुणी न सांगता म्हणाला, "पण पावती छापतानाही मी नाव कापतो ना कुठंतरी?" ती दुसरी जागा त्यानंच शोधली. नंतर चहाच्या वेळी 'क्षितिज' शब्दावरून वाद लागला. आपण वाचतो अक्षरं तीन, जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेला लांबी विचारा तर ती सांगते ७, कारण ती मोडलेला पाय आणि वेलांट्याही सुट्या मोजते. त्या वादात चहा पार गार झाला.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलं ते गिट बायसेक्ट. लायनस टॉरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, लिहिलं, हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. पण हजार कमिटमधून, म्हणजे नोंदलेल्या बदलांमधून, दर वेळी मधला तपासून अर्धे बाद करत गेलं की बिघडलेला एक कमिट दहाएक तपासण्यांत सापडतो, हे तुम्ही दाखवेपर्यंत मी जुना कोड वरपासून खालपर्यंत डोळे फुटेस्तोवर वाचायची. दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसात बेरजेतला घोळ त्याच वाटेनं निघाला. ओळ कुणाची होती ते जाऊ द्या.

आणखी एक, जे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. बैठक आठला संपायची, ती तुम्ही आठच्या आधीच संपवायला लागलात. भुसावळला परत जाणाऱ्या आम्हा मुलींना गाडी मिळावी म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. मे महिन्यात त्या वेळी वरचा स्लॅब तव्यासारखा तापलेला असतो, कूलर नुसती गरम हवा फेकतो, तरी तुम्ही वेळ बदलली नाहीत. आमच्या आईनं याबद्दल वेगळा नमस्कार सांगितलाय. क्लासच्या सरांचेही आभार; खोलीचं भाडं ते घेत नाहीत आणि लाइट गेली की इन्व्हर्टर आपल्याला देऊन स्वतः खाली अंधारात बसतात.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी पटत नाही. बैठकीत एआयला विचारायचंच नाही, ही बंदी मला जाचक वाटते. त्यानं दिलेली प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून समजावून सांगायची, अशी अट घाला हवं तर. भांडू एकदा यावर.

पुढच्या गुरुवारी पैशांचे हिशेब फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्या अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, का ठेवू नयेत, हा विषय मी घेतेय. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ कशी येते ते फळ्यावर मांडायचंय. सराफ बाजारातल्या एका दुकानाचं बिलिंग बघणारा मुलगा येणार आहे. त्याचा ३ टक्के जीएसटी अधूनमधून पैशानं चुकतोय. तुम्ही मागच्या बाकावर बसा. मी अडखळले तरी उठू नका. आणि चहाचे पैसे या वेळी आम्ही देणार आहोत, चहावाल्याला आधीच सांगून ठेवलंय.

आपली,
भुसावळहून येणारी, खिडकीजवळच्या बाकावरची