झाड तोडण्याआधी साल तपासा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की 'धोकादायक' झाडांची चर्चा सुरू होते आणि करवती फिरू लागतात. माझी विनंती आहे की, कोल्हापुरातले कोणतेही मोठे झाड त्या यादीत घालण्याआधी जाणकाराने त्याची साल जवळून पाहावी.

सुकत चाललेल्या झाडाच्या फांद्यांवर पुष्कळदा पांढरट कापसासारखे पुंजके किंवा तपकिरी टिकल्या दिसतात. धूळ समजून आपण पुढे जातो. ती खवले कीड असू शकते, नाहीतर तिच्याच कुळातला पिठ्या ढेकूण. आपल्या ऊस उत्पादकांना ती नवी नाही. पाचट काढताना कांड्यांवर तिचे थर ते पाहतात आणि किडके बेणे लावत नाहीत. रस्त्याकडेच्या झाडांकडे मात्र त्या नजरेने कोणी बघत नाही. मुंबईत पर्जन्यवृक्ष मोठ्या संख्येने वाळले, तेव्हा पिठ्या ढेकणाचेच नाव पुढे आले होते.

ही कीड रस शोषते, पण खरा घात त्यानंतर होतो. १८९० च्या सुमारास युरोपातली एक खवले कीड कॅनडातील हॅलिफॅक्सला पोहोचली. बीच वृक्षांच्या सालीत तिने सोंडा खुपसल्या, सालीला बारीक भेगा पडल्या आणि त्यांतून निओनेक्ट्रिया बुरशी आत शिरली. सालीखालचा जिवंत थर मेला आणि उत्तर अमेरिकेतले असंख्य बीच वृक्ष गेले. म्हणूनच आपण स्वतःच्या हाताने सालीला करतो त्या जखमांची मला फार काळजी वाटते. फलकांसाठी खिळे ठोकायचे, रोषणाईच्या तारा आवळायच्या, वर बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतायचे. किडीने आधीच खंगलेल्या झाडाने किती सोसावे?

जहाल औषधांचा सरसकट फवारा हा उपाय नव्हे. वाढलेल्या किडीवर मेणचट कवच असते, औषध आत पोहोचत नाही. नुकती बाहेर पडलेली पिल्ले रांगत असतात, तेव्हा निंबोळी तेल किंवा साबणाचे पाणी लागू पडते. शिवाय जहाल फवाऱ्याने किडीला खाणारे ढालकिडेही मरतात. पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण २००८ मध्ये भारतात आढळला. तो आटोक्यात आला तो २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या इवल्याशा परोपजीवी माशीमुळे.

शहरात कृषी महाविद्यालय आहे, शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभाग आहे. वृक्ष प्राधिकरणाने त्यांना सोबत घेऊन छाटणीपूर्वी झाडांची पाहणी करावी. किडक्या फांद्या दुसरीकडे नेऊन टाकू नयेत, जागीच नष्ट कराव्यात. एका झाडावरची करवत दुसऱ्याला लावण्याआधी स्वच्छ करावी. आणि खिळे उपसण्याचे काम तर उद्यापासूनही सुरू करता येईल.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर