वासेनारच्या वाळूतले पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वासेनारवरचा लेख वाचला. नेदरलँड्समधल्या द हेग शहराला खेटून असलेल्या या श्रीमंत गावातले बंगले, त्यांच्या किमती, राजदूतांची निवासस्थाने, देशाचे राजे विलेम-अलेक्झांडर २०१९ पर्यंत सहकुटुंब राहत होते ते घर, सगळे त्यात आले. भारत २०१७ मध्ये शस्त्रे व संवेदनशील तंत्रज्ञान यांच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या ज्या ‘वासेनार करारा’त सामील झाला तो याच गावच्या नावाचा, हे सांगितले ते बरे केले. (दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लंडनवर सोडलेले पहिले व्ही-२ अग्निबाण ८ सप्टेंबर १९४४ रोजी इथूनच सुटले, हे मात्र राहून गेले.) पण समुद्रापर्यंत पसरलेल्या मेयेंडेलच्या वाळूच्या टेकड्यांना लेखात जेमतेम एक ओळ, तीही ‘फिरायला छान जागा’ एवढीच. मी द हेगला राहतो, माझ्या नळाला याच टेकड्यांतले पाणी येते, म्हणून राहवले नाही.

१८७४ पासून द हेग हे पाणी पिते. शहर वाढले, उपसा वाढला, वाळूखालचा गोड्या पाण्याचा साठा आटत गेला आणि खालून खारे पाणी वर चढू लागले. तेव्हा १९५५ पासून नदीचे पाणी लांबून जलवाहिनीने आणून टेकड्यांमधल्या तळ्यांत सोडायला सुरुवात झाली. आधी ऱ्हाईनचे, १९७६ पासून मास नदीचे. साधारण दोन महिने ते वाळूतून झिरपते, त्यातले रोगजंतू तिथेच नाहीसे होतात. मग ते उपसून, पुन्हा शुद्ध करून शहराला देतात. त्यात क्लोरीन नसते. ही तळी माणसांनी केलेली आहेत हे सांगूनही खरे वाटत नाही: काठाला लव्हाळे, पाण्यात बदके, भोवतीच्या काटेरी झुडपांवर सप्टेंबरात नारिंगी फळांचे घोस. तळ्यांना कुंपण आहे, बाकीच्या वाटांवर कुणीही हिंडावे.

इथली जमीन इतकी महाग, शहर हाकेच्या अंतरावर, तरी टेकड्यांवर बंगले चढले नाहीत. त्याचे मोठे कारण हे पाणी आहे, असे माझे ठाम मत आहे. खालच्या बंगल्यांना भाव आहे तोही या मोकळ्या रानाच्या शेजारामुळे. नुसत्या किमती छापून वाचकाच्या हाती काय लागणार?

वासेनारला रेल्वे स्थानक नाही, पण द हेगहून सायकलने मेयेंडेल सहज गाठता येते. आपल्या प्रतिनिधीने एकदा तिथे जावे आणि या पाण्यावर स्वतंत्र लेख लिहावा, ही विनंती.

– एक वाचक, द हेग (नेदरलँड्स)